फॉल कलर्स (शरदात रंगलेली पानं) बघायला आई-बाबांना कुठल्या नॅशनल पार्कात न्यावं?

सोनसळी (४ सप्टेंबर)

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत, एडिसनजवळ राहतो. आई-बाबा साताऱ्याहून जुलैत आलेत, ३ नोव्हेंबरला परत जातील. नायगारा, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन सगळं झालं, पण आईच्या मनात एकच गोष्ट राहिली आहे. अकरा वर्षांपूर्वी, माझ्या इथल्या पहिल्याच ऑक्टोबरात, मी तिला ऑफिसच्या पार्किंगमधल्या लालभडक मेपलचा फोटो पाठवला होता. तो तिने मोठा छापून देवघराच्या शेजारच्या भिंतीवर लावलाय. "तुझं ते झाड दाखव," म्हणते. मला तिला एक झाड नाही, अख्खा डोंगर तसा दाखवायचा आहे.

मागच्या वर्षी आम्ही दोघं ऑक्टोबरच्या लाँग वीकएंडला न्यू हॅम्पशायरला, कँकामॅगस हायवेला गेलो होतो. चार महिने आधी बुकिंग केलं होतं. पोचायच्या दोन दिवस आधी तिथे वादळी पाऊस झाला आणि निम्मी झाडं उघडी पडली. आमचं ठीक आहे, आम्ही परत जाऊ. आईला मात्र परत आणणं किती जमेल माहीत नाही.

बाबा ७४, आई ७०. आईचे गुडघे दुखतात. सपाटीवर अर्धा तास चालते, पण चढ आणि पायऱ्या नकोत. आमच्या डोक्यात अकेडिया (मेन), शेनंडोआ (व्हर्जिनिया) आणि स्मोकी माउंटन्स (टेनेसी-नॉर्थ कॅरोलायना) ही पार्कं आहेत. कुठे जावं? आणि मुख्य म्हणजे तारीख कशी ठरवायची?

डोंगरवाट (४ सप्टेंबर)

व्हर्जिनियात चौदा वर्षं आहे आणि दर ऑक्टोबरात निदान दोनदा शेनंडोआला जातो, त्यामुळे माझं मत तिकडे झुकणार हे आधीच सांगतो.

मागच्या वर्षी तुमचं नशीब वाईट नव्हतं. तुम्ही एक जागा आणि एक तारीख धरून बसलात, तिथे फसगत झाली. 'पीक', म्हणजे रंग पूर्ण भरात, कधी आहे ते नकाशात बघून लोक बुकिंग करतात, पण नकाशात अख्ख्या जिल्ह्याला एकच रंग दिलेला असतो. डोंगरात तसं नसतं. उंची दर १,००० फुटांनी वाढली की हवा साधारण दोन अंश सेल्सिअसने गार होते. म्हणून रंग आधी माथ्यावर येतो आणि मग रोज थोडा थोडा खाली उतरतो. माथा उघडा पडतो तेव्हा मधला पट्टा भरात असतो, आणि पायथा अजून हिरवा.

आता शेनंडोआचा रस्ता बघा. स्कायलाइन ड्राइव्ह ब्लू रिज डोंगररांगेच्या धारेवरून १०५ मैल जातो. फ्रंट रॉयलच्या टोकाला तुम्ही हजार फुटांच्याही खाली असता आणि स्कायलँडला, रस्त्याच्या सगळ्यात उंच जागी, ३,६८० फुटांवर. म्हणजे गाडीत बसल्या बसल्या आठवडाभर पुढे किंवा मागे जाता येतं. वरचं गळालं असेल तर खाली उतरा, खाली हिरवं असेल तर वर चढा. तारखेचा अंदाज आठ दिवसांनी चुकला तरी रस्त्यावर कुठे ना कुठे रंग सापडतोच. वेगमर्यादा ताशी ३५ मैल आहे, ती पाळा, कारण हरणं आणि अस्वलं अचानक आडवी येतात. दरी बघायला थांबायच्या जागा सत्तरच्या आसपास आहेत. आईंना बहुतेक ठिकाणी गाडीतून उतरून चार पावलंच चालावं लागेल.

तुमच्याकडे सुट्टीचा आग्रह नसेल तर लाँग वीकएंड टाळा आणि २० ऑक्टोबरच्या आसपासचे मधल्या वारांचे दोन दिवस घ्या.

खारं_वारं (५ सप्टेंबर)

डोंगरवाट यांच्या मुद्द्याला अनुमोदन, पण अकेडियाची बाजूही मांडते. मी बॉस्टनला असते. अकेडियात रंगाला समुद्र जोडीला असतो. निळं पाणी, गुलाबी ग्रॅनाइट, मध्ये काळपट हिरवे स्प्रूस आणि त्यांच्यात पिवळे बर्च. हे मिश्रण मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

आणि त्या पिवळ्या बर्चची गोष्ट ऐका. १९४७ च्या ऑक्टोबरात, भयंकर कोरड्या उन्हाळ्यानंतर, अकेडिया ज्या बेटावर आहे त्या माउंट डेझर्टवर वणवा लागला. पार्कातली १०,००० एकरांहून जास्त जमीन जळाली. तिथे आधी स्प्रूस आणि फरचं सदाहरित जंगल होतं. ते जळाल्यावर उघड्या, उन्हाच्या जमिनीवर बर्च आणि अ‍ॅस्पेन उगवले. आज बेटाच्या पूर्व भागात जो पिवळा-केशरी रंग बघायला लोक येतात तो त्या आगीमुळे आहे. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून नुसती बघत बसले होते.

व्यवहाराचं सांगायचं तर रंग साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर भरात येतो. कॅडिलॅक माउंटन १,५३० फूट आहे आणि गाडी थेट वरपर्यंत जाते, पण त्या रस्त्याचं वेगळं आरक्षण लागतं, ६ डॉलर. ३० टक्के जागा ९० दिवस आधी खुल्या होतात आणि उरलेल्या ७० टक्के दोनच दिवस आधी, सकाळी १० वाजता. दोन दिवस आधीच्या जागांवर लक्ष ठेवलं तर हवामान बघून वर जाता येतं. जॉर्डन पॉन्डच्या काठी बसून पॉपओव्हर (पोकळ, फुगीर पाव) आणि चहा घ्या, तेवढ्यासाठीसुद्धा आईंना आवडेल. मात्र एडिसनहून नऊ तास गाडी आहे.

पारिजात७७ (५ सप्टेंबर)

सोनसळी, एक पैशाची गोष्ट. १ जानेवारी २०२६ पासून गर्दीच्या अकरा नॅशनल पार्कांत अमेरिकेत न राहणाऱ्या, १६ किंवा जास्त वर्षांच्या आणि वार्षिक पास नसलेल्या प्रत्येकाला नेहमीच्या फीशिवाय १०० डॉलर जास्त भरावे लागतात. आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर आहेत, म्हणजे ते यात येतात. अकेडिया त्या अकरांत आहे. रॉकी माउंटन, योसेमिटी, झायन, ग्रँड कॅनियनसुद्धा आहेत. शेनंडोआ आणि स्मोकी नाहीत. शेनंडोआला एका गाडीचे सात दिवसांचे ३० डॉलर, मग आत कितीही माणसं असोत.

माझे सासू-सासरे मे महिन्यात आले होते तेव्हा आम्हाला हे गेटवर कळलं. सासरे तिथेच म्हणाले, "मी गाडीत बसतो, तुम्ही बघून या." इतकं वाईट वाटलं! त्यांना नेलंच आत, पण त्यांच्या मनातून ते २०० डॉलर दिवसभर गेले नाहीत. आपल्या आई-बाबांच्या पिढीसमोर असा हिशेब आयत्या वेळी येऊ देऊ नये.

सोनसळी (५ सप्टेंबर)

पारिजात, हे मला अजिबात माहीत नव्हतं. बाबाही अगदी असंच म्हणतील. खूप आभार.

खारं_वारं, वणव्याची गोष्ट मी रात्री जेवताना आईला वाचून दाखवली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे जळालं तिथेच रंग आला."

रानजाई (६ सप्टेंबर)

पुण्यात वीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, आता मुलीकडे मेरीलँडमध्ये असते. तारीख कशी ठरवायची हा प्रश्न आहे म्हणून पान रंगतं कसं तेही समजून घेऊ. ते कळलं की अंदाज स्वतःचा स्वतः बांधता येतो.

पिवळा रंग पानात उन्हाळाभर असतोच. ती कॅरोटिनॉइड द्रव्यं. त्यांच्यावर हरितद्रव्याचा दाट थर असतो म्हणून ती दिसत नाहीत. दिवस लहान व्हायला लागले की झाड आवराआवर सुरू करतं. पानातलं नत्र आणि इतर कामाची द्रव्यं खोडात परत ओढून घेतं आणि नवं हरितद्रव्य बनवणं थांबवतं. हिरवा ओसरला की खालचा पिवळा उघडा पडतो. म्हणून हिकरी, बर्च, ट्यूलिप पॉपलर यांचा पिवळा दरवर्षी जवळपास सारखाच येतो.

लाल रंगाचं तसं नाही. तो अँथोसायनिनचा. बहुतेक झाडांत तो आधीपासून नसतो, शरद ऋतूत नव्याने तयार होतो. देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर तयार होऊन वाट हळूहळू बंद होते आणि पानात बनलेली साखर पानातच अडकते. त्या साखरेवर स्वच्छ ऊन पडलं की लाल बनतो. त्यासाठी दिवस उन्हाचा आणि रात्र गार हवी, पण गोठवणारी नको. कडक हिम पडलं तर पान रंगायच्या आधीच मरतं आणि तपकिरी होतं. सलग ढगाळ राहिलं तर पिवळा ठीक येतो आणि लाल फिका पडतो. उन्हाळा फार कोरडा गेला असेल तर पानं लवकर गळायला लागतात.

तेव्हा सप्टेंबरच्या शेवटापासून रोजचं हवामान बघायला लागा. स्वच्छ दिवस, ४० ते ४५ फॅरनहाइटच्या रात्री आणि वारा कमी अशी माळ लागली की समजा, लाल चांगला येणार.

आईंना सांगा की हे लाल द्रव्य त्यांच्याही ओळखीचं आहे. साताऱ्यात देशी बदामाची पानं गळायच्या आधी लाल होतात, ते अँथोसायनिनच. आणि सह्याद्रीतला कुसुंब तर उलटा वागतो. त्याची फाल्गुन-चैत्रातली कोवळी पालवी इतकी लाल असते की लांबून झाड फुललंय असं वाटतं. पिंपळाची तांबूस पालवीसुद्धा तशीच. आपल्याकडे पान लाल होऊन जन्माला येतं.

एक सूचना. शेनंडोआत मुख्यतः ओक आणि हिकरी आहेत. न्यू इंग्लंडसारखे शुगर मेपलचे लाल-केशरी डोंगर तिथे नाहीत. तिथे पिवळा, तांबूस, बदामी आणि मध्ये मध्ये रेड मेपल, ब्लॅक गम आणि सॅसॅफ्रास यांचे लाल ठिपके असं दिसतं. मला स्वतःला ते जास्त आवडतं, पण देवघराजवळच्या फोटोची अपेक्षा धरून जाऊ नका.

गोदाकाठ (६ सप्टेंबर)

डेन्व्हरहून. आमच्याकडचं तुमच्या कामाचं नाही, कारण रॉकी माउंटनमध्ये अ‍ॅस्पेन सप्टेंबरच्या मध्यापासून महिनाअखेरपर्यंत सोनेरी असतात आणि तुम्ही जाल तोवर संपलेले असतील. पण धागा पुढे कुणाला उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

अ‍ॅस्पेनचं देठ चपटं असतं, म्हणून जराशा वाऱ्यानेही पानं लुकलुकतात. आणि एकेक राई बहुधा एकाच मुळावर उभी असते. म्हणून डोंगराचा एक तुकडा पूर्ण पिवळा आणि शेजारचा पूर्ण हिरवा दिसतो. ती दोन वेगळी झाडं आहेत, प्रत्येकाला शेकडो खोडं. युटाच्या फिशलेक नॅशनल फॉरेस्टमधल्या 'पांडो'ला अशी सुमारे ४७,००० खोडं आहेत, १०६ एकरांत पसरलेली, सगळी एका मुळाची.

त्याच दिवसांत एल्क या मोठ्या हरणांचा माजाचा काळही चालू असतो. संध्याकाळी नर शिट्टीसारखी लांबलचक हाक देतात. ७५ फूट अंतर ठेवा. ते माणसाच्या अंगावर धावून जातात. ट्रेल रिज रोड १२,१८३ फुटांवर जातो, तेव्हा वयस्क माणसांना एक दिवस खाली राहून मगच वर न्या. माझ्या वडिलांना वर धाप लागली होती आणि मला लगेच खाली यावं लागलं. मे अखेर ते ऑक्टोबरचा मध्य या काळात आत शिरायची वेळही आरक्षित करावी लागते.

चिंचबन (६ सप्टेंबर)

अटलांटाहून. स्मोकीला आम्ही पाच वेळा गेलोय. झाडांची विविधता बघायची तर स्मोकीसारखं पार्क नाही, तिथे शंभराहून जास्त जातींचे स्थानिक वृक्ष आहेत. डोंगरवाट म्हणतात तो उंचीचा खेळही तिथे सगळ्यात मोठा. कुवोही शिखर ६,६४३ फूट (२०२४ पर्यंत क्लिंगमन्स डोम म्हणायचे, आता त्याचं मूळ चेरोकी नाव परत दिलंय) आणि पायथ्याचं गॅटलिनबर्ग गाव १,३०० फुटांच्या आसपास. म्हणून रंग सप्टेंबरअखेर माथ्यावर सुरू होतो तो नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पायथ्याशी सापडतो.

पण एडिसनहून दहा-अकरा तास, आणि ऑक्टोबरातली गर्दी! केड्स कोव्ह दरीतल्या ११ मैलांच्या फेऱ्याला आम्हाला एका शनिवारी चार तास लागले, आणि रस्ता एकेरी आहे. आईंना बाथरूमला जायचं झालं तर काय कराल? कुवोहीच्या मनोऱ्याची शेवटची अर्धा मैल वाट डांबरी असली तरी खूप चढाची आहे. प्रवेश फी नाही, मात्र १५ मिनिटांहून जास्त थांबायचं तर पार्किंग टॅग लागतो, दिवसाला ५ डॉलर. या वर्षी तुम्ही शेनंडोआच करा.

कायहोगाकाठी (७ सप्टेंबर)

ज्यांच्या घरी खरोखर चालता न येणारी माणसं आहेत त्यांच्यासाठी ओहायोचं कायहोगा व्हॅली. प्रवेश फी नाही. जुन्या कालव्याच्या काठची टोपाथ वाट सपाट आहे, व्हीलचेअर जाते. मी आजीला तशीच नेली होती. ती ८६ वर्षांची होती आणि तासभर एका मेपलखाली खुर्चीत बसून होती. हलायला तयार नव्हती. पुढच्या जानेवारीत गेली. ते झाड मी दर ऑक्टोबरात बघून येतो.

साखरलिंबू (७ सप्टेंबर)

टेक्ससवाल्यांनी निराश होऊ नये. ग्वादालूपे माउंटन्स नॅशनल पार्कात मॅकिट्रिक कॅनियन आहे. भोवती वाळवंट आणि आत ओढ्याकाठी बिगटूथ मेपल, ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला लाल. सगळं पायी बघावं लागतं आणि संध्याकाळी गेट बंद होतं, तेवढं लक्षात ठेवा.

मोरपीस (८ सप्टेंबर)

तोक्योहून. निक्को नॅशनल पार्क, तोक्योहून ट्रेनने दोन तास. इरोहाझाका घाटाला ४८ वळणं आहेत आणि प्रत्येक वळणाला जुन्या जपानी वर्णमालेतलं एकेक अक्षर दिलंय. वर चुझेन्जी तलाव आणि ९७ मीटरचा केगोन धबधबा. इथेही तेच, रंग वरून खाली येतो. वर तलावाकाठी ऑक्टोबरअखेर आणि खाली देवळांपाशी नोव्हेंबरात. रविवारी जाऊ नका. आम्ही त्या घाटात गाडीत तीन तास बसून होतो.

सोनसळी (१२ सप्टेंबर)

ठरलं! शेनंडोआ. १९ ऑक्टोबरच्या सोमवारी दुपारी निघून रात्री लुरे गावात मुक्काम, मंगळवार-बुधवार डोंगरावर. पार्कातल्या लॉजमध्ये एकही खोली शिल्लक नव्हती. आता मंगळवारी २० तारखेला दसरा आहे हे आईच्या लक्षात आलंय. "दसऱ्याला घराबाहेर?" असं म्हणाली, मग बाबाच म्हणाले, "सीमोल्लंघन दसऱ्यालाच करतात." तर आता प्रश्न असे: खायचं काय न्यावं, आईला चालता येईल अशी एखादी वाट आहे का, आणि इथे आपट्याची पानं कुठे मिळतील?

डोंगरवाट (१२ सप्टेंबर)

वाट आहे आणि ती आईंसाठीच केल्यासारखी आहे. फ्रंट रॉयलपासून ४३ व्या मैलाजवळ लिंबरलॉस्ट ट्रेल. १.३ मैलांचा फेरा, बारीक खडीची सपाट वाट, मध्ये बाकं. सगळा फेरा नाही झाला तरी जिथून वाटेल तिथून मागे फिरा.

लुरेहून थॉर्नटन गॅपच्या गेटने चढा. पास आधीच ऑनलाइन काढा. सकाळी साडेआठच्या आत गेटवर असा, वीकएंड नसला तरी. पेट्रोल खालीच भरा, कारण वर फक्त ५१ व्या मैलावर, बिग मेडोजला पंप आहे. फोनला रेंज बऱ्याच ठिकाणी नसते, नकाशा उतरवून घ्या. दक्षिणेकडे बिग मेडोजपर्यंत जा, तिथे कुरणात ब्लूबेरीची झुडपं लालजर्द होतात. दुपारनंतर उलट फिरून उत्तरेला खाली या. पश्चिमेच्या दरीवर चार वाजल्यानंतर तिरपं ऊन येतं, तेव्हा पानं पाठीमागून उजळतात. तो वेळ चुकवू नका. आणि सकाळी धुकं असेल तर परत फिरू नका. कित्येकदा दहा-अकराला फाटतं.

पारिजात७७ (१२ सप्टेंबर)

खायला दशम्या, तिळाची चटणी, मेथीचे ठेपले, दही घट्ट डब्यात. थर्मासमध्ये चहा हवाच, वर थंडी बोचते. अंथरायला जाड सतरंजी आणि आईंसाठी घडीची खुर्ची. उरलेलं अन्न गाडीबाहेर अजिबात ठेवू नका, अस्वलं आहेत.

रानजाई (१३ सप्टेंबर)

सोनसळी, आपट्याचं विचारलंस म्हणून सांगते. आपटा नाही मिळणार, पण त्याचं नात्यातलं झाड मिळेल. रेडबड. आपटा, कांचन आणि रेडबड एकाच उपकुळातले. आपट्याचं पान दोन पाळ्यांचं, रेडबडचं पान हृदयाच्या आकाराचं, एकसंध. दोन्ही पानांच्या शिरा देठापासून पंख्यासारख्या फुटतात, ते बघ. ऑक्टोबरात ते पिवळं होतं. व्हर्जिनियात अंगणाअंगणात लावतात.

पण पार्कातलं पान उचलून आणायचं नाही. गळालेलंसुद्धा. नियमच आहे. गावातल्या अंगणातलं विचारून घे.

आणि झाडावर चढलेली तीन तीन पानांची लालभडक वेल दिसेल, तिला हात लावू देऊ नकोस. ती पॉयझन आयव्ही, तिच्याने अंगावर फोड येतात. पाच पानांची लाल वेल व्हर्जिनिया क्रीपर. अंगणात असेल तरी दोन्हींपासून लांबच राहा, ओळखण्यात चूक होते.

सोनसळी (२५ ऑक्टोबर)

जाऊन आलो. तुम्हा सगळ्यांमुळे, म्हणून सविस्तर लिहिते.

आदल्या आठवड्यात मी रानजाईताईंच्या सांगण्याप्रमाणे रोज हवामान बघत होते. सलग सहा दिवस ऊन आणि गार रात्री. रविवारी मात्र जोराचा वारा झाला आणि माझ्या पोटात गोळा आला. मागच्या वर्षीचंच पुन्हा होणार असं वाटलं.

मंगळवारी सकाळी आठ वाजता थॉर्नटन गॅपला पोचलो तेव्हा पांढरंशुभ्र धुकं. दहा फुटांपलीकडचं दिसत नव्हतं. स्कायलँडपर्यंत तसेच चढलो. वर पोचलो आणि धुक्यातून जी झाडं दिसली ती बहुतेक उघडी. आई काही म्हणाली नाही. बाबा म्हणाले, "हे आपलं महाबळेश्वर झालं." मी गाडी उभी केली आणि आम्ही गाडीतच दशम्या खाल्ल्या. परत फिरावं का असं दोनदा मनात आलं, पण डोंगरवाट यांचं वाक्य आठवून बसून राहिले.

साडेदहाला धुकं फाटलं. एकदम नाही. आधी आमच्या पायाखालची दरी उघडली, मग समोरची धार. वरचे ओक रिकामे होते, पण शे-दोनशे फूट खाली तांबूस पट्टा सुरू होत होता. त्याच्याखाली पिवळा. आणि अगदी तळाला, शेनंडोआ नदीच्या बाजूला, हिरवं. तिन्ही एकाच डोंगरावर, एकाखाली एक. हे मी इथे वाचलं होतं, पण डोळ्यांनी बघितल्यावर मला रडू आलं. आई खुर्चीत बसून शांतपणे बोट दाखवून बाबांना सांगत होती, "ही आपली दिवाळी, ती खालची आपली कोजागिरी."

लिंबरलॉस्टला ती पाऊण फेरा चालली. बाकावर बसत बसत, पण चालली. बिग मेडोजला ब्लूबेरीची लाल झुडपं बघून म्हणाली की तिला कासच्या पठाराची आठवण होते. तो रंग वेगळा, हा वेगळा, पण जमिनीलगत इतका रंग तिने कासलाच पाहिला होता. दुपारी परत उत्तरेकडे उतरायला लागलो. थॉर्नटन गॅपच्या पुढे, दोन-अडीच हजार फुटांवर, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी हिकरी आणि ट्यूलिप पॉपलर. सगळं पिवळं, वरूनही आणि खाली रस्त्यावरही. चार वाजता ऊन तिरपं आलं. आम्ही एका वळणावर पाऊण तास थांबलो. कुणी बोललं नाही. बाबांनी फक्त एकदा विचारलं, "इथले लोक हे रोज बघतात?"

बुधवारी पाऊस होता, त्यामुळे वर गेलोच नाही. एकच दिवस मिळाला. पण त्या एका दिवसात आम्ही आधीचा आठवडा आणि पुढचा आठवडा दोन्ही बघून आलो.

आता दसऱ्याचं. आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मागच्या अंगणात रेडबड होतं! मालकीणबाईंना विचारलं, त्यांना आधी काही कळेना. मी सांगितलं की आज आमच्याकडे एकमेकांना सोन्यासारखी पानं देतात, तर त्यांनी स्वतः पानं गोळा करून ओंजळभर आणून दिली. आईने त्यातलं पहिलं पान त्यांनाच दिलं. मग बाबांना, मग आम्हा दोघांना. रानजाईताई, आईने पान उजेडासमोर धरलं आणि शिरा बघून म्हणाली, "बरोबर आहे. आपट्याच्या घरचंच आहे."

रानजाई (२५ ऑक्टोबर)

वाचून फार बरं वाटलं. आईंना माझा नमस्कार सांग. ती पानं जाड वहीत, मध्ये कागद घालून ठेव, नाहीतर दोन दिवसांत कुरकुरीत होऊन तुटतात. पिवळा तसाही आठवड्याभरात फिका पडेल.

वाळवंटी_बोर (२६ ऑक्टोबर)

धागा आत्ता वाचला. आम्ही चौघं, दोन लहान मुलं, ३१ तारखेच्या शनिवारी वॉशिंग्टनहून जातोय. काही शिल्लक असेल का?

डोंगरवाट (२६ ऑक्टोबर)

असेल. मात्र स्कायलँड-बिग मेडोजच्या मागे लागू नका, वरचं गेलं. फ्रंट रॉयलच्या गेटने सकाळी लवकर आत जा आणि पहिल्या वीस-पंचवीस मैलांतच रमतगमत राहा. तिथले ओक आत्ता कुठे तांबूस व्हायला लागलेत. बीचची कोवळी झाडं पिवळट पानं धरून असतात, कधी कधी थेट वसंतापर्यंत. शनिवार आहे, तेव्हा साडेआठच्या आत गेट गाठा आणि मुलांना गरम कपडे घ्या.